याकोबाचा उजवा हात

याकोबाला बारा मुलगे होते, आणि माणसाच्या चार बोटांना बारा पेरे असतात. माझ्या वडिलांनी मला आमच्या मूळपुरुषाची संतती या पेरांवर शिकवली. अंगठ्याचे टोक करंगळीच्या तळाच्या पेरावर टेकवायचे आणि रऊबेन म्हणायचे. मग एकेक पेर चढत, एकेक बोट ओलांडत तर्जनीच्या शेंड्यावर बन्यामीनपाशी थांबायचे. त्याच्या खालचे पेर योसेफाचे. तिथे अंगठा थोडा रेंगाळायचा, कारण योसेफाचे दोन मुलगे, मनश्शे आणि एफ्राईम, आजोबाने आपल्या मुलांच्या बरोबरीने धरले होते. त्या एका पेरात दोन नातू दाटीने बसलेले असत. सात वर्षांची असताना मी विचारले होते, "आणि त्याची मुलगी? दीना कुठे बसते?" वडील तेव्हा मुंबईच्या गोदीत नकाशे काढण्याच्या कामावर होते, बोटे सदैव शिसपेन्सिलीने करडी. त्यांनी स्वतःचा अंगठा माझ्यापुढे धरला. "ही काय. सगळ्यांना मोजणारी."

आम्ही कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे इस्राएलची लेकरे, आणि इस्राएल हे याकोबाचेच दुसरे नाव. पूर्वजांचा धंदा तेलाच्या घाण्याचा; शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवले शनवार तेली. अलिबागच्या आसपास एवढी ओळख पुरत असे. इंग्लंडमध्ये, लेस्टरला संसार थाटल्यावर, ती सांगायला बसले की पुढ्यातला चहा निवायचा. गावातल्या लहानशा प्रार्थनालयातले वृद्ध इंग्रज ज्यू माझ्या नवऱ्याला दर वेळी नव्याने विचारत, की तुमच्या घराण्याने धर्म बदलला तो नेमका कधी. नवरा गंभीर चेहऱ्याने सांगे, आम्ही बदलला नाही, तुम्ही रंग बदललात. मग ते हसत, खांदे थोपटत, आणि पुढच्या सणाला पुन्हा तेच विचारत.

आई गेल्यावर, नव्या शतकाच्या अगदी आरंभी, वडील आमच्याकडे राहायला आले. धाकटा भाऊ तरुणपणीच इस्राएलला गेला होता, पण तिथला उन्हाळा आता सोसवणार नाही, असे म्हणून त्यांनी माझ्याकडची थंडी निवडली. काचबिंदूने त्यांची नजर कडेकडून मिटत आली होती. समोरचे जग ते अरुंद बोळातून पाहिल्यासारखे पाहत. बर्मिंगहॅमच्या विमानतळावर ट्रॉलीच्या दोन बाजूंना माझे दोन मुलगे उभे होते, थोरला आठ वर्षांचा आणि धाकटा तीनचा. वडिलांनी मान सावकाश एकाकडून दुसऱ्याकडे फिरवली आणि विचारले, "हे कोण?"

"आजोबा, इट्स अस," थोरला म्हणाला.

वडिलांनी दोन्ही हात पुढे केले. दोघांची डोकी चाचपली, कानामागची हाडे, मानेचा खळगा, आणि मग माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "कवट्या आपल्याच आहेत."

परदेशात जन्मलेल्या नातवांना पाहून म्हाताऱ्या याकोबानेही हाच प्रश्न विचारला होता, हे मला घरी परतताना मोटरवेवर आठवले. मिसरमध्ये, म्हणजे इजिप्तमध्ये, वाढलेली ती मुले, अंगावर परका पोशाख, जिभेवर परकी भाषा. आजोबाची दृष्टी मंदावलेली. त्याला ती ओळखता आली नसतील, यात नवल नव्हते.

वडिलांनी आल्यावर पहिल्याच आठवड्यात शुक्रवार हाती घेतला. शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रामाचा दिवस, शुक्रवारच्या सूर्यास्ताला सुरू होतो, आणि कोकणातला सूर्य बाराही महिने थोडाफार वेळ पाळणारा. लेस्टरचा सूर्य मात्र कोणाच्याच ऐकण्यातला नव्हता. डिसेंबरात तो पावणेचारला मावळे, तेव्हा मुले शाळेच्या बसमध्ये असत आणि वडील दुपारच्या झोपेत. जूनमध्ये साडेनऊ वाजले तरी आकाश दुधाळ, आणि मुले पेंगून सोफ्यावर आडवी. पहिल्या वर्षी वडिलांनी खूप धडपड केली. मग एके दिवशी म्हणाले, "या गावाचा सूर्य मी मानत नाही. आपला साडेसहाला मावळतो." तेव्हापासून आमच्या घरात बाराही महिने साडेसहाला कोकणातली संध्याकाळ होई. हिवाळ्यात बाहेर तीन तासांचा काळोख साचलेला असे, उन्हाळ्यात शेजारी हिरवळ कापत असत, आणि आत काचेच्या पेल्यात खोबरेल तेलाचा दिवा लागे. थंडीत ते तेल मेणासारखे गोठे; मी बाटली रेडिएटरवर ठेवून ते पातळ करून घेई.

किद्दुशला, म्हणजे शब्बाथच्या पेल्यावरच्या प्रार्थनेला, आम्ही वाइन वापरत नाही. काळ्या मनुका आदल्या दिवशी भिजत घालायच्या, शुक्रवारी त्या हाताने कुस्करून पाणी गाळायचे, आणि त्या गोड तांबूस पाण्यावर आशीर्वाद म्हणायचा. कुस्करण्याचे काम वडिलांचे. उजव्या हाताने ते मनुका पिळत, हात धूत, नीट पुसत, तरी त्याच्या रेषांतून मनुकांचा आंबूस गोड वास जात नसे. मग मुले समोर उभी राहत. थोरल्याच्या डोक्यावर उजवा हात, धाकट्याच्या डोक्यावर डावा. देव तुम्हाला एफ्राईम आणि मनश्शेसारखे करो, असे वडील आधी हिब्रूत म्हणत आणि नंतर, मुलांना कळावे म्हणून, मराठीत. मुलांना दोन्ही सारखेच कळत असे. रात्री थोरल्याला पांघरूण घालताना मला त्याच्या केसांत मनुकांचा वास येई. धाकट्याच्या केसांना फक्त शाम्पूचा वास असे.

याकोबाच्या त्या दोन नातवांची गोष्ट थोरला मुद्दाम सांगायला लावी, कारण त्याला ती मुळीच पटत नसे.

"योसेफाने थोरला मनश्शे बापाच्या उजव्या हाताला उभा केला," वडील सांगत, "आणि धाकटा एफ्राईम डाव्या हाताला. सगळं रीतसर. तर म्हाताऱ्याने हात पुढे केले ते असे." आणि ते स्वतःचे हात एकमेकांवरून फुलीसारखे टाकून दाखवत. "उजवा गेला धाकट्याच्या डोक्यावर."

"दॅट्स नॉट फेअर, आजोबा. मनश्शे फर्स्ट आला होता."

"आला होता."

"मग याकोबला दिसला नाय. त्याला ग्लासेस नव्हत्या."

"योसेफालाही तसंच वाटलं. त्याने बापाचं मनगट धरलं, हात उचलायला गेला. तर म्हातारा म्हणाला, कळतंय मला मी काय करतोय ते."

"पण व्हाय?"

"ते कुठे सांगितलंय त्याने."

"फेअर आहे," धाकटा टेबलाखालून म्हणे. त्याला गोष्ट ठाऊक नसली तरी निकाल ठाऊक होता.

"यू शट अप. तुझी लेफ्ट हात आहे."

नवरा इस्पितळातून येऊन दारातच बूट काढत हे ऐकत असे. "बाबा, या घरात वारशावरून मारामारी लावणार तुम्ही," तो म्हणे. वडील म्हणत, "जावईबापू, आमच्या कुळात दुसरं झालंय काय आजवर?"

मी हसत असे, पण त्या उजव्या-डाव्याच्या खेळात माझा एक जुना काटा होता. मुंबईच्या आमच्या दोन खोल्यांत मीही शुक्रवारी वडिलांपुढे उभी राहात असे. भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. तो जन्मेपर्यंत मी एकटीच असे. आणि तरी वडील माझ्या डोक्यावर डावा हात ठेवत. उजवा हात बाजूला, जमिनीपासून थोडा वर, तळवा खाली करून धरलेला असे. मला वाटे, तो मनुकांच्या पाण्याने ओला आहे आणि ते तो वाळवत आहेत. भाऊ उभा राहू लागला तेव्हा तो हात त्याच्या डोक्यावर गेला. तेव्हा मी ठरवून टाकले, की मुलींना डावा असतो. पुढे कॉलेजात कविता शिकताना आणि शिकवताना अनेक गोष्टींविरुद्ध मी बंड केले, याविषयी कधी चकार शब्द काढला नाही.

थोरला अकरा वर्षांचा असताना, मार्चमधल्या एका मंगळवारी, त्याला ताप आला. शुक्रवारी तो नव्हता. मेंदूच्या आवरणाचा तो दाह इतका वेगाने वाढतो, की त्याला नाव मिळेपर्यंत आमच्या घरातले अर्धे आयुष्य संपले होते. माझा नवरा भूल देणारा डॉक्टर. अनोळखी माणसांना झोपवून पुन्हा जागे करणे हे त्याचे रोजचे काम. त्या तीन दिवसांत त्याने काय पाहिले, काय ओळखले आणि केव्हा, हे त्याने मला सांगितलेले नाही. मी विचारलेले नाही. कुणाची चूक नव्हती, हे वाक्य आम्हाला पुष्कळांनी, पुष्कळ मायेने सांगितले.

रविवारी दफन झाले. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि आमच्याकडे दोन होते. प्रार्थनालयातले ते वृद्ध आले, काठ्या टेकत, जाड कोट घालून, आणि त्या दिवशी कोणी काही विचारले नाही. माती लोटताना आमच्यात फावडे उलटे धरतात, घाई नाही हे दाखवण्यासाठी. ओली, काळी, जड माती उलट्या फावड्यावर ठरत नव्हती. मी कुंपणाच्या झुडपांपाशी धाकट्याचा हात धरून उभी होते. त्याचा हातमोजा हरवला होता आणि बोटे बर्फासारखी झाली होती, हे मला घरी आल्यावर कळले.

सुतकाचे सात दिवस आम्ही खाली, जमिनीवर बसलो. आरशांवर चादरी टाकल्या. शेजारच्या गुजराती बाई रोज न बोलता खिचडीचा डबा पायरीवर ठेवून जात. सातवा दिवस उलटला, चादरी निघाल्या, नवरा कामावर गेला, आणि त्यानंतरचा पहिला शुक्रवार आला. साडेसहा वाजले. वडील आपल्या खोलीत खुर्चीवर ताठ बसून होते. मी मनुका भिजवल्या नव्हत्या. त्यांनी हाक मारली नाही. मी दिवा लावला नाही. दुसरा शुक्रवार तसाच गेला, आणि तिसरा. नवऱ्याने शुक्रवारच्या ड्यूट्या मागून घेतल्या. त्या दोन हातांपुढे एकच मूल उभे राहिलेले मी पाहू शकणार नव्हते. उजव्या हाताखालची जागा रिकामी दिसली असती, किंवा दिसली नसती, आणि यातले अधिक भयंकर कोणते, ते मला ठरवता येत नव्हते.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी दुकानातून आले, तर ओट्यावर पातेल्यात मनुका भिजत होत्या. डब्यांच्या झाकणांवर बोटे फिरवत वडिलांनी त्या स्वतः शोधल्या होत्या. ओटाभर पाणी सांडले होते.

"बाबा, हे कशाला?"

"उद्या शुक्रवार."

"नको."

"बाय, बस जरा."

मी बसले नाही. फडके घेऊन ओटा पुसत राहिले.

"काल शाळेतून आल्यावर तो माझ्या खोलीत आला," वडील म्हणाले. "मला विचारतो, आजोबा, ब्लेसिंग दादाची होती का? मी नुसता बाजूला उभा राहायचो का?"

"लहान आहे तो. विसरेल."

"तू विसरलीस?"

माझे फडके थांबले. त्यांना माझ्या काट्याविषयी ठाऊक असेल, असे मला कधी वाटले नव्हते.

"तुझ्या आधी एक होता," ते म्हणाले. हे मला आईने एकदाच, भाताचे पाणी ओतता ओतता सांगितले होते. वडिलांच्या तोंडून मी ते चाळिशीला आल्यावर ऐकत होते. "चौदा महिन्यांचा झाला आणि गोवराने गेला. वर्षाने तू आलीस. तू उभी राहायला लागलीस तेव्हा मी उजवा हात त्याच्यासाठी राखून ठेवला. मला वाटायचं, तुझ्यावर ठेवला तर तो पुसला जाईल. पुढे तुझा भाऊ झाला. तेव्हा मनात आलं, तोच परत आला, आणि हात तिकडे गेला. पण तोपर्यंतची ती सगळी वर्षं, बाय, तू माझ्यापुढे उभी होतीस आणि मी हवेला आशीर्वाद देत बसलो."

"बाबा, आता ते कशाला?"

"तुझी आई म्हणायची, पोरीला दोन्ही हात द्या. मी म्हणायचो, तुला त्यातलं कळत नाही." ते थोडे हसले. "तिला सगळं कळत होतं. तू सरळ उभी राहायचीस अगदी. हलायची नाहीस. वाटत असेल, हललं तर हाही हात जाईल."

मी ओटा पुसून झाल्यावरही पुसत राहिले. मग मी म्हणाले, "उद्या करा तुम्ही." ते खरेच मनापासून म्हटले होते.

दुसऱ्या दिवशी साडेसहाला खिडकीतून लख्ख ऊन आत आले होते. दिव्याची ज्योत त्या उजेडात दिसतच नव्हती. तिच्यावरची हवा तेवढी थरथरत होती. नवऱ्याने ड्यूटी बदलून घेतली होती. तो इस्पितळातल्याच कपड्यांत दारात उभा राहिला, आत यावे की नाही ते न ठरवता. मनुकांचा वास खोलीभर पसरला.

धाकटा आला आणि आपल्या नेहमीच्या जागी उभा राहिला. आजोबांच्या डाव्या हाताला. त्याने दादाची जागा बरोब्बर मोजून मोकळी ठेवली होती. गालिच्याच्या नक्षीतला एक निळा चौकोन, त्यावर त्याने पाऊलसुद्धा पडू दिले नव्हते. वडिलांनी डावा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. उजवा हात त्या चौकोनावर उचलला गेला, सवयीने, अकरा वर्षांच्या मुलाच्या उंचीपर्यंत, आणि तिथे क्षणभर थांबला. मग तो हात सावकाश, हवेत चाचपडत, धाकट्याच्या दिशेने निघाला.

मी त्यांचे मनगट धरले.

आदल्या दिवशीचे सगळे ऐकून, समजून, पटूनही मी ते धरले. माझ्या बोटांना ते पटले नव्हते. मनगटाचे हाड हाताला लागत होते, त्याच्यावरची कातडी सैल आणि कोमट होती, आणि आत नाडी अतिशय शांतपणे चालली होती.

"तो हात नको, बाबा."

"मला कळतंय, बाय."

"डावा पुरे आहे त्याला."

"तुला पुरला का?"

नवरा दारातून एक पाऊल आत आला आणि थांबला. धाकटा हलला नाही. डोळे घट्ट मिटून, हनुवटी छातीला लावून तो सरळ उभा होता, आणि मी पाहिले की त्याने श्वाससुद्धा रोखून धरला आहे. असे उभे राहणे काय असते, ते मला कोणी शिकवायला नको होते.

वडिलांनी हात सोडवून घेतला नाही. तेवढे बळ त्यांच्यात नव्हते, आणि तो हात वर उचलण्याचे बळ माझ्यात नव्हते. माझ्या पकडीसकट तो खाली येत गेला, दोघांच्याही वजनाने, आणि धाकट्याच्या डोक्यावर टेकला. त्यांचा डावा, त्यावर तिरका उजवा, आणि मनगटावरून घसरत आलेला माझा. वडील हिब्रूत म्हणू लागले. त्यांचा आवाज मध्ये एकदा तुटला, आणि तुटलेले शब्द दारातून माझ्या नवऱ्याने पुरे केले. मग मराठीत: देव तुला एफ्राईम आणि मनश्शेसारखा करो. ते दोघांचेही नाव घेत होते, कारण तो आशीर्वाद तसाच आहे. त्यातून कोणाला वगळता येत नाही.

"मम्मी," धाकटा खालून पुटपुटला, "हेवी होतंय."

वडिलांनी आपले हात काढून घेतले. माझा तिथेच राहिला. तो काढावा हे मला सुचले नाही, कारण माझ्या बोटांना काहीतरी अनोळखी लागत होते. त्याचे केस. ते किती वाढले होते. मानेवरून शर्टाच्या कॉलरीत शिरले होते, कानांवर आले होते, कपाळावरचे तर डोळ्यांत जात असणार. शाळेत तो ते बाजूला सारून फळ्याकडे पाहत असेल. मार्चपासून त्याला कोणी केस कापायला नेले नव्हते. कोणाच्या लक्षातच आले नव्हते. मी त्याला रोज जेवायला वाढत होते, त्याच्या वह्या दप्तरात घालत होते, रात्री दिवा मालवत होते, आणि या सबंध काळात माझा हात एकदाही त्याच्या डोक्यावर गेला नव्हता.

मी त्याच्या डोळ्यांवरचे केस मागे सारले. त्याने डोळे उघडले आणि मी अजून रागावलेली आहे का, ते पाहिले.